चष्म्याच्या डबीतलं मीठ

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ कमी करा. मुकादमीणबाईंनी घरी येऊन मिठाची बरणीच उपडी केली.

"कमी म्हणजे किती, हे मोजत कोण बसणार? नाहीच म्हटलं की भानगड मिटली!"

रक्तदाब वाढला होता मुकादमांचा. काचकारखान्याच्या भट्टीवर तीस वर्षं काढलेला माणूस. नोकरी संपली तरी गल्ली अजून त्यांना मुकादमच म्हणायची. आता एकट्या म्हाताऱ्यापुढे अळणी ताट ठेवायचं आणि आपण चवीने जेवायचं, हे त्या घराला जमणारं नव्हतं. लेक म्हणाला, "बाबा अळणी, तर आपण सगळेच अळणी." तिघांनी ताटावर हात ठेवून शब्द दिला. असल्या शब्दांचं देवालाही कौतुक वाटत असेल. पण त्याच देवाने माणसाच्या घामात मीठ घातलंय, आसवांत मीठ घातलंय, आईच्या पोटात बाळ ज्या पाण्यात तरंगतं त्यातही मीठ घातलंय, याचा विचार त्या प्रेमाच्या भरात कुणी केला नाही. आणि लेक तर भट्टीच्या तोंडाशी उभा राहून, नळीने काच फुंकून पोट भरणारा. दिवसभरात त्याच्या सदऱ्यावर घाम वाळून पांढरे नकाशे उमटायचे.

शब्द पहिल्यांदा मोडला तो मुकादमांनी. चौथ्याच दिवशी. चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली, त्यांनी थोडं मीठ दडवलं. जेवताना चष्मा काढायचा, डबी उघडायची, बोटाचं टोक आत, मग भाजीत.

"तुमचा चष्मा नेमका जेवतानाच कसा हो मळतो?"

"वाफ धरते."

"थंड भाजीची?"

मुकादम मान खाली घालून जेवायचे. समोर लेक बिचारा एकेक अळणी घास गुमान गिळत असायचा. ते दिसत असूनही म्हाताऱ्याचं बोट काही ऐकायचं नाही.

असे सहा आठवडे गेले, आणि उन्हाळा तापला.

त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला लांबू दारात उभा राहिला. लांबू म्हणजे लेकाचा भट्टीवरचा जोडीदार. त्याने लेकाला खांद्यावर जवळजवळ टांगूनच आणलं होतं.

"काकू, याला आडवा करा. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणतो, दोनदा ओकला. आज भट्टीपुढे उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, पाणी पी. तर हा पितोय तर पितोयच! त्या नव्या मशीनचं गार पाणी, बाटलीवर बाटली."

"ऊन बाधलं गं बाई माझ्या बाळाला!" मुकादमीणबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला तोंडाला लावला. लेक घटाघटा पाणी प्यायला. तेवढंच उलटून पडलं. बाईंनी पुन्हा पेला भरला.

मुकादम पायाशी बसले होते. लेकाची बोटं त्यांना दिसली. पंजा आत वळलेला, अंगठी मांसात रुतलेली. त्यांनी पिंढरीला हात लावला. दगडासारखी घट्ट, आणि कातडीखाली काहीतरी वळवळल्यासारखं.

"बाळा, कसं वाटतंय?"

लेकाने डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, "मुकादम, नळी कुठे ठेवू?"

जन्मात कधी लेकाने त्यांना मुकादम म्हटलं नव्हतं.

वीस वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना लख्ख आठवली. तेव्हा भट्टीजवळ मातीचा रांजण असायचा, किंचित खारवलेल्या पाण्याचा. एक जण होता, त्याला ती चव आवडायची नाही. पाळीभर साधं पाणीच ढोसत राहिला. संध्याकाळी तो स्वतःच्या बायकोला ओळखेना, आणि रात्र काही त्याने पाहिली नाही. पुढे पाणी गार करणारं मशीन आलं, रांजण गेला, आणि ती आठवणही रांजणाबरोबर गेली.

"पाणी देऊ नकोस!"

"काय?"

"पाणी देऊ नकोस म्हणतो ना!" मुकादमांनी पेला हिसकला. तो फरशीवर पडून फुटला.

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अहो, वेड लागलं का? तहानलेल्या लेकराच्या तोंडचं पाणी काढता? वर कोणत्या तोंडाने जाल?"

"नंतर शिव्या दे. लांबू, उचल याला."

दवाखाना चार घरं पलीकडे होता. तेवढं अंतर त्या दिवशी संपता संपेना. दारातच लेकाचे पाय लुळे पडले.

डॉक्टरीणबाईंनी काखेत तापमापी लावली, नाडी बघितली, पापण्या वर केल्या. कपाळाला आठ्या पडल्या. "उष्माघात म्हणावा, तर अंग तितकं तापलेलं नाही. रक्त मोठ्या दवाखान्यात पाठवते, पण कळायला तास लागेल." त्या थांबल्या. "तेवढा वेळ आपल्याकडे आहे असं मला वाटत नाही. काय खाल्लंय याने?"

"घरचं. ताजं, स्वच्छ," बाई म्हणाल्या.

"आमच्या घरात सहा आठवडे मीठ नाही," मुकादम म्हणाले. "आणि आज हा पाणी मोजदाद नाही इतकं प्यायलाय."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. "कणभरही नाही?"

"मग त्यात काय झालं?" बाई उसळल्या. "हे स्वतः तेच जेवतात. बघा, कसे ठणठणीत उभे आहेत! मिठावाचून माणूस पडत असता तर आधी हा म्हातारा पडला असता!"

डॉक्टरीणबाई वळल्या. "खरंय? तुम्ही या वयात सहा आठवडे अजिबात मीठ न खाता असे उभे आहात? नीट सांगा. माझ्याकडे एक जास्त मिठाचं सलाईन आहे. मीठ खरंच उतरलं असेल तर ते तारेल. दुखणं दुसरं असेल तर तेच बाधेल."

मुकादमांचा हात खिशावर गेला आणि तिथेच थांबला. शेजारी चाळीस वर्षांची सोबतीण उभी होती. तिनेही सहा आठवडे एक कण जिभेवर ठेवला नव्हता. तिच्यासमोर चोर ठरायचं! तेवढ्यात खाटेवर लेकाचा जबडा घट्ट मिटला, बुबुळं वर गेली, आणि सगळं अंग थाडथाड उडू लागलं.

मुकादमांनी खिशातून डबी काढली. झाकण उघडून फडकं उचललं. तळाशी पांढरे खडे चमकले.

"मी खात होतो," ते म्हणाले. "रोज. चोरून. याने नाही खाल्लं. याने शब्द पाळला."

मग काय काय झालं ते त्यांना तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. डॉक्टरीणबाईंनी लेकाला कुशीवर वळवलं. सुई लागली. "हळूहळू द्यायचं, घाईसुद्धा जीव घेते," असं त्या स्वतःलाच बजावत होत्या. लांबू रस्त्यात उभा राहून गाडीला हात करत होता. आणि मुकादमीणबाई. त्या रडत नव्हत्या. नुसत्या त्या उघड्या डबीकडे बघत होत्या.

गाडीत लेकाचं अंग उडायचं थांबलं. मोठ्या दवाखान्यात तपासणीचा कागद आला. रक्तातलं मीठ तळाला गेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याला समोर बसवून सांगितलं, "आजोबा, तुम्हाला कमी सांगितलं होतं, बंद नव्हतं सांगितलं. आणि तुमचं औषध तुमच्यासाठी होतं. ज्याचा दिवसभर घाम गळतो, त्याचं मीठ घामावाटे जातं. वर नुसतं पाणी ओतत गेलं, तर उरलेलंही पातळ होतं आणि मेंदू सुजतो."

मुकादमांनी मान हलवली. देवाने दोन्ही दिली होती, पाणीही आणि मीठही. त्यांनी घरात एकच ठेवलं होतं, तेही मायेपोटी.

दिवेलागणीला लेकाने डोळे उघडले. दोघं वाकून उभे होते. मुकादमांनी श्वास रोखला होता.

"बाबा," लेक म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "आई, काहीतरी चवीचं दे गं."

मुकादम बाहेर जाऊन बाकावर बसले. शेजारी बाई येऊन बसल्या.

"द्या इकडे."

त्यांनी डबी पुढे केली. आता ती भिरकावली जाणार, याची तयारी ठेवली. बाईंनी झाकण उघडलं, चिमटीत एक खडा धरला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून ओठांपर्यंत आलं.

"चोर," त्या म्हणाल्या.

आणि डबी मिटायच्या आधी आणखी एक खडा घेतला.