उपाशी वाफा

आमच्या कृषी संशोधन केंद्रात आम्ही तीन नवे शास्त्रज्ञ. एकाला वर्षाकाठी ढीगभर लेख छापून आणायचे असतात, म्हणून तो 'छापखाना'. दुसऱ्याला परदेशी जायचंय. त्याचं लक्ष बियाण्यापेक्षा व्हिसाकडे. तिसरी मी. गहू किती कमी खतावर तगतो, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे. त्यामुळे माझा एखादा स्क्रू ढिला असावा, असं दोघांचं मत.

माझ्या प्रयोगात एका वाफ्याला काहीच खत द्यायचं नसतं. बाकीचे वाफे त्याच्याशी ताडून पाहायचे. हा उपाशी वाफाच नसेल, तर सगळा प्रयोग मुसळ केरात. गेल्या वर्षी प्रयोगाचं तिसरं, शेवटचं वर्ष होतं. यावरच माझी नोकरी कायम होणार होती.

बहिणीच्या बाळंतपणाला जाऊन आठवड्याने परतले, तर उपाशी वाफा हिरवागार!

"मुख्यालयातून डायरेक्टर येणार आहेत ना, ताई," छापखाना खुशीत म्हणाला. "तेवढा एकच वाफा पिवळा. दोन मुठी युरिया टाकला."

"अरे गाढवा, तो पिवळाच हवा होता! तीन वर्षं मातीत घातलीस माझी!"

"भलाईचे दिवसच नाहीत. गेल्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून लाव की. आम्ही काय वेगळं करतो?"

संतापाने मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर नेमके त्याच वाफ्यापाशी थांबले. "याला काय दिलंय?"

"काहीच नाही, सर!" आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी छाती फुगवली.

"कमाल आहे! या बाईंना लगेच कायम करा."

टाळ्या पडल्या. तोंड मिटून उभं राहिलं असतं, तर आयुष्याचं सोनं झालं असतं. पण जीभ कुठली ऐकते!

"सर, याला चोरून युरिया दिलाय. दोन मुठी."

साहेबांचा चेहरा पडला. डायरेक्टर मात्र खुलले. "फक्त दोन मुठींत एवढं पीक? कोणाची कल्पना?"

छापखाना लाजत पुढे झाला.

तो कायम झाला. 'दोन मुठी' तंत्रावर त्याचे चार लेखही आले. मला एक वर्ष वाढवून मिळालं. तिसऱ्या वर्षाचा प्रयोग पुन्हा पहिल्यापासून.

यंदा मी उपाशी वाफ्याला कुंपण घातलं, कुलूप लावलं. पानं पिवळी पडली, तेव्हा मला इतका आनंद झाला की आईला फोन करून सांगितलं.

साहेब कुंपणाशी थबकले. "हा वाफा आजारी दिसतोय."

"नाही साहेब, इथे तोच एक धडधाकट आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि पाहुणे यायच्या आत त्याच्यासमोर पडदा लावायला सांगितलं.