गच्चीवरची डोंगरमाती

मेघानं बसच्या डिक्कीतून शेवटची पिशवी ओढली आणि तिच्या बोटांना निळी शाई लागली. चिखलदऱ्याच्या घाटात कुणाच्या तरी कॅनमधलं पाणी सांडलं होतं. प्लास्टिकच्या पिशव्यांमधली माती कोरडी होती, पण बाहेर बांधलेल्या चिठ्ठ्यांवर एकही अक्षर उरलं नव्हतं.

मेळघाटच्या डोंगरी जंगलातल्या मातीत किती कार्बन साठलाय, याचा अंदाज काढणं हे तिचं काम. सगळा डोंगर काही खणता येत नाही. म्हणून मातीचे प्रकार पाडायचे, प्रत्येक प्रकाराच्या नमुन्यांतला कार्बन तपासायचा आणि तो प्रकार जेवढ्या जागेत पसरलाय, तेवढ्याचा अंदाज बांधायचा. आता कोणती पिशवी कोणत्या खड्ड्यातली, हेच कळेना.

तिनं रडवेल्या आवाजात तिच्या मार्गदर्शक तारा मॅडमना फोन केला.

"पिशवीच्या आतही एक चिठ्ठी टाकतात, मेघा."

"राहिली, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "कोणता खड्डा, ते सोड. प्रकार तर मातीवरूनच ओळखता येईल ना? आपली संशोधन संस्था सोमवारपर्यंत बंद आहे, घरीच बस. प्रत्येक पिशवीतली थोडी माती काढून प्रकार लाव. मी उद्या येते. तुझं उत्तर मला सांगू नकोस, मी माझं लावते, मग जुळवून पाहू."

सकाळी नंदनवन वस्तीतल्या मेघाच्या घराच्या गच्चीवर मातीचे छोटे ढीग मांडले गेले. तिची आई सिंधूताई पाण्याचा तांब्या घेऊन वर आली.

"काहून तोंड पाडून बसली वं? माती तं कुठी गेली नाही ना."

मेघा चिमूटभर माती भिजवायची, अंगठ्यानं दाबून तिची पट्टी निघते का पाहायची. चिकण असेल तर पट्टी लांब यायची, मुरमाड असेल तर बोटांना खडे टोचायचे. एक काळाभोर ढीग पाहून सिंधूताई खूश झाली.

"हे तं आमच्या कुही गावाकडची कन्हार, काळी चिकण माती. धानाच्या बांधीत असेच रुततात पाय."

"दाबून पाह्य ना, आई."

सिंधूताईनं दाबली. पट्टी निघालीच नाही, माती भुसभुशीत चुरली.

"चिकण नाही ही. पानं कुजून काळी झाली आहे," मेघा म्हणाली. "कार्बन इथंच जास्त असतो."

"फसवलं मले हिनं," म्हणत सिंधूताई हसत सुटली.

तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून प्रमोदिनीताईंनी तांबड्या ढिगाकडे पाहून विचारलं, "एवढं तिखट कोणाच्या लग्नाचं?"

"या, चाखून पाहा," सिंधूताई म्हणाली. मेघालाही हसू आवरेना.

दुपारी तारा मॅडम आल्या. पदर खोचून त्या तिथंच खाली बसल्या. आपलं उत्तर त्यांना कळू नये म्हणून मेघानं प्रत्येक ढिगाखाली पिशवीचा नवा क्रमांक ठेवून ढिगांची जागा बदलली होती. मॅडमनी एकेक माती भिजवली, सोबत आणलेल्या मातीच्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिली, वेगळी केली. शेवटी दोघींची उत्तरं जुळवली. दोन पिशव्या सोडल्या तर सगळी जुळली.

"त्या दोनचं बरोबर कोणाचं?" मेघानं विचारलं.

"माहीत नाही. म्हणून त्या हिशेबात धरायच्याच नाहीत. त्यांच्याऐवजी पुन्हा जाऊन नवे खड्डे खणू."

मेघाच्या छातीवरचं ओझं उतरलं. कालपासून पहिल्यांदा तिला भूक लागली. खाली पाटवडीचा रस्सा तयार होता. मॅडमनी दुसऱ्यांदा वाढून घेतला, तेव्हा सिंधूताईनं हळूच विषय काढला.

"मॅडम, मी बी येऊ का डोंगरावर? पोरगी सारखी जाऊन राहिली, मी एकदाही जंगल नाही पाह्यलं."

"चला की, ताई. पण पायी चढावं लागेल."

पुढच्या आठवड्यात तिघी जीपनं गेल्या. सिंधूताई धापा टाकत, पण न कुरकुरता चढली. मेघानं खड्डा खणला आणि त्याच्या कडेचा वरचा काळा थर तिला दाखवला. सिंधूताई वाकून बराच वेळ बघत राहिली. मग वरच्या सागाच्या पानांकडे पाहून म्हणाली, "म्हणजे हे सारं पडून पडून हे झालं."

"हो."

"मंग तं लई वर्षं लागली असतील."

मेघानं माती पिशवीत भरली, आत चिठ्ठी टाकली, आणि आईला हात देऊन पुढच्या खड्ड्याकडे निघाली.