चाक थांबवण्याआधी

स्क्रूड्रायव्हरचं टोक पोलादी झाकणावर टेकवून त्याने मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आत चाक फिरत होतं. कालपर्यंत नुसती घरघर होती. आज तिच्यात खडे दळल्यासारखा आवाज मिसळला होता.

"काय म्हणतंय?" जोडीदाराने विचारलं. या तळघरात दोघांचेही केस पिकले होते.

"नेहमीचंच."

"तुझं नेहमीचं रोज वाढतंय, बाबा. बेअरिंग सुटलं ना, तर आपल्याला गोळा करायला चाळणी लागेल."

तो हसला नाही. विनोद करून झाल्यावर जोडीदारही झाकणापासून जरा मागे सरला.

रुग्णालयाची वीज गेली की हे जडशीळ चाक आपल्या वेगातूनच वीज द्यायचं. जनरेटर सुरू होईपर्यंत अतिदक्षता विभाग सांभाळायचं. ना धूर, ना बॅटऱ्यांची कटकट. वरच्या व्हेंटिलेटरांच्या बॅटऱ्या तर केव्हाच कामातून गेल्या होत्या. बेअरिंग बदलायचं तर चाक दिवसभर बंद ठेवावं लागणार, आणि तेवढा वेळ व्हेंटिलेटरच्या पाचही खाटांजवळ एकेक जण हवेची पिशवी घेऊन उभा करायचा, हा इथला नियम. वीज गेलीच, तर पिशवी दाबून हाताने श्वास द्यायचा. पण पाचव्या खाटेवर त्याचा थोरला भाऊ होता. त्याची छाती पिशवीचा दाब सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून त्याने साहेबांना कळवलं होतं की आवाज किरकोळ आहे, काळजी नको. जोडीदार तेव्हा शेजारीच उभा होता. त्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

जिन्यावर चपला वाजल्या. वहिनी कठडा धरून उतरत होती. ती इथे कधीच आली नव्हती.

"भाऊजी, वर चला."

"काय झालं?"

"सकाळी त्यांची श्वासाची नळी काढली. मीच हो म्हटलं." ती थांबली. "अजून श्वास आहे. स्वतःचा. पण फार वेळ नाही, म्हणाले."

"मला विचारायचं तरी, वहिनी."

"तुम्ही हो म्हटलं असतं?"

तो स्क्रूड्रायव्हर खिशात घालायला गेला, पण स्क्रूड्रायव्हर हातातून सुटला आणि फरशीवर खणखणला. कुणीच उचलला नाही.

"हा आवाज कसला?" वहिनीने विचारलं.

"चाकाचा," जोडीदार म्हणाला. "दुरुस्तीला आलंय."

"मग करत का नाही?"

जोडीदार हाताला लागलेलं ग्रीस चिंधीने पुसत राहिला. बोट स्वच्छ झालं तरी पुसतच राहिला.

"तू जा वर," शेवटी तो म्हणाला. "फोन मी करतो."

पण जोडीदाराच्या आधी रिसीव्हर त्यानेच उचलला. पलीकडे कुणी नवी मुलगी होती, नुकतीच कामावर आलेली.

"तळघरातून बोलतोय. चाक थांबवायचंय. पिशव्या घेऊन माणसं उभी करा."

"किती खाटांजवळ, काका?"

वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्याच्यासाठी थांबली होती. तिने मागे वळून पाहिलं. त्याने रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"चार," तो म्हणाला.