मावशीच्या घराचा नकाशा

लावणीला बायका कमी पडल्या होत्या, म्हणून लामदुआन सकाळपासून दोघींचं काम एकटीनं ओढत होती. पायाखाली गुडघाभर चिखल आणि पाठीवर ऊन. मधेच एखादी सर सटकन येऊन जायची, की भिजल्या अंगानं बायका पुन्हा रोपांवर वाकायच्या. पण आज लामदुआनचं ध्यान रोपांत नव्हतंच. तिच्या लेकीच्या, फांगच्या, शाळेतल्या सुपीतबाई आज घरी यायच्या होत्या. सातवीत आलेल्या दर पोराच्या घरी बाईंनी एकदा जायचंच, हा त्या शाळेचा रिवाज. पोरानं कागदावर घराचा नकाशा काढून द्यायचा आणि बाईंनी तो धरून स्कूटरवरनं गावं पालथी घालायची.

दुपारीच ती बांधावर चढली. घरी येऊन खांबांवरचं ते लाकडी घर वरपासून खालपर्यंत झाडलं, नवी चटई अंथरली, चिकट भात शिजवला, कच्ची पपई किसून ठेवली. एवढं सगळं कशापायी? तर एकदा तरी बाईंनी डोळ्यांनी बघावं, की या पोरीला आई आहे.

कारण गावाला तसं दिसत नव्हतं. फांग शाळेतनं आली की दप्तरासकट शेजारी मावशीकडं जायची, ती जेवायलाच परतायची. मावशी म्हणजे चांपी, लामदुआनची थोरली बहीण. नवरा गेल्यावर बँकॉक सोडून गावी आली होती आणि शिवणयंत्रावर पोट भरत होती. तिला मूलबाळ नव्हतं, पण बारावीपर्यंतचं शिक्षण होतं. ते तिला मिळालं, कारण दोघींपैकी एकीनं म्हशी राखायच्या होत्या आणि त्या धाकटीच्या वाट्याला आल्या. लामदुआन ते कधी बोलली नाही, पण विसरलीही नाही. त्यात लावणीच्या बायका मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हणायच्या, ‘माय मरो पण मावशी उरो!’ आणि फिदीफिदी हसायच्या. लामदुआनचा नवरा बँकॉकला इमारतींच्या कामावर. पोरीनं जिवाभावाचं बोलायचं ते कुणाशी, तर चांपीशी. लामदुआनच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

चारच्या सुमाराला स्कूटर वाजली. लामदुआन कमरेची लुंगी सारखी करून जिन्यात उभी राहिली. स्कूटर तिच्या दारावरनं पुढं गेली आणि चांपीच्या अंगणात थांबली. बाईंनी हातातला कागद बघितला, घर बघितलं, आणि चपला काढून वर गेल्या.

पोरीनं नकाशा मावशीच्या घराचा काढला होता.

लामदुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पपई तशीच उघडी टाकून ती तरातरा निघाली. वर जाऊन बघते तर चांपी बाईंना पाणी देत होती, फांग कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती आणि सुपीतबाई चांपीला विचारत होत्या, "आई तुम्हीच ना?"

"आई मी हाय," लामदुआन दारातनंच म्हणाली. "घर बी पलीकडचं हाय. पोरीनं चुकीचं काढलंय."

फांग खाली बघत पुटपुटली, "तुला बाईंशी बोलता येणार न्हाई म्हणून काढलं."

लामदुआन चटईवर टेकली. सुपीतबाई वयानं पोरगेल्याच होत्या, पण त्यांनी दोघींकडं नीट बघून घेतलं आणि पिशवीतनं दोन वह्या काढल्या. एक घरच्या अभ्यासाची. तिच्यात पानोपानी बरोबर गणितं. दुसरी वर्गातल्या चाचणीची. तिच्यात विसापैकी दोन.

"घरची गणितं कोण सोडवतं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

चांपीचं तोंड उतरलं. मग ती हळूच म्हणाली, "सोडवते म्हंजे मी कच्ची लिहून देते, ती उतरवती. आडलं की रडायची वो. मला बघवायचं न्हाई."

खोटं कशाला सांगा, लामदुआनचा ऊर तेव्हा असा गार झाला, की इतक्या वर्षांत कधी झाला नव्हता. बारावी शिकलेल्या आक्काची फजिती! तिला हसू दाबावं लागलं. आणि तेवढ्यात तिची नजर फांगकडं गेली. पोरगी चटईच्या काड्या उपसत होती आणि डोळ्यांतलं पाणी नाकावरनं खाली ठिबकत होतं. नापास आक्का झाली नव्हती, नापास तिची लेक झाली होती. आई असून आपल्याला हसू आलं, या लाजेनं लामदुआनला चटईतनं खाली जावंसं वाटलं.

बाई म्हणाल्या, या वयाच्या पोराला उत्तर देऊ नका. त्यालाच शिकवायला लावा. रोज संध्याकाळी अर्धा तास घरातल्या कुणी तरी समोर बसायचं, आणि पोरीनं ते धडे त्या माणसाला समजावून सांगायचे. सांगता सांगता जिथं अडेल, तिथं तिचं तिलाच कळेल. "पण ज्याला गणित येतं त्यानं बसायचं नाही. तो मधेच सांगून टाकतो. तुम्हा दोघींत गणित येत नाही असं कोण?"

उभ्या जन्मात पहिल्यांदा लामदुआननं हात वर केला.

बाई हसल्या, आणि पलीकडच्या घरी येऊन भात आणि पपई खाऊन गेल्या.

त्याच सांजेला लामदुआन पाय धुऊन लेकीसमोर बसली. फांग कुरकुरत होती, पण बाईंचा धाक होता. धडा होता उणे संख्यांचा.

"काईच न्हाई, त्याच्याहून कमी कसं असंल?" लामदुआननं विचारलं.

"असतं आई. उणे तीनमधी पाच मिळवले की आठ." फांग थांबली. बोटं मोजली. "न्हाई, न्हाई. थांब." तिनं लिहिलं, खोडलं, पेन्सिल चावली. मग एकदम सावरून बसली. "आपलं तळं बघ. मधल्या पायरीला पाणी लागलं की शून्य धर. उन्हाळ्यात तिथनं तीन पायऱ्या खाली गेलं, ते उणे तीन. मग पाऊस पडून पाच पायऱ्या चढलं. तर कुठं आलं?"

सहा वर्षांची असल्यापासनं लामदुआन त्याच तळ्याचं पाणी भरत होती. मधल्या पायरीच्या दोन पायऱ्या वर, हे तिला पोरीचं बोलणं संपायच्या आधीच कळलं होतं.

शेजारचं शिवणयंत्र केव्हाचं थांबलं होतं. ओसरीवर चांपी सुईदोरा नुसता हातात धरून बसली होती आणि तिचे डोळे इकडंच लागले होते. ते डोळे लामदुआनच्या चांगले ओळखीचे होते. रोज सांजेला ती स्वतः त्याच डोळ्यांनी पलीकडं बघत आली होती. तिला आक्काची कीव आली. उद्यापासनं तिलाही इथं बोलवावं, तोंड बंद ठेवायच्या बोलीवर, असंही मनात आलं. पण ते उद्यापासनं.

"कळलं का आई?" फांगनं वही मिटायला घेतली.

"न्हाई कळलं," लामदुआन म्हणाली. "अशी जवळ सरक आन् परत सांग."