ताजुद्दीनचा राहिलेला चेंडू

मी एक जुना हातमोजा आहे, आणि तोही एकटा. मित्रांनो, थंडीतले मोजे जोडीने जन्मतात. मी फक्त डाव्या हातासाठी जन्मलो, त्यामुळे मला भाऊ नाही. माझे कातडे तपकिरी आहे, घडण परातीसारखी गोल आणि पोटातले भरण जाड. अंगठ्याजवळची वादी केव्हाच तुटली. तिथे मासे धरायच्या जाळ्याचा दोरा ओवलेला आहे. म्हसळ्याच्या या घरी येणारी माणसे मला पाहून विचारतात, हे काय आहे, आणि उत्तराची वाट न बघता चहा प्यायला लागतात.

तुम्ही क्रिकेट खेळणारी मुले, म्हणून थोडे समजावून सांगतो. मी बेसबॉलमधला. त्या खेळात चेंडू टाकणारा मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो. त्याच्यासमोर बॅटवाला असतो. बॅटवाल्याच्या मागे एक जण उकिडवा बसतो आणि हुकलेला चेंडू झेलतो. त्याला कॅचर म्हणतात. मी कॅचरचा हातमोजा. सगळा जन्म मी समोर बघत, तोंड उघडून बसलो आहे. कोणीतरी टाकायचे आणि मी घ्यायचे, एवढेच मला येते.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडे झाला. तिथून एका परदेशी इंजिनिअरच्या पेटीतून मी सौदी अरेबियात यान्बूला आलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला तेलाचे कारखाने, आणि त्यांच्या चिमण्यांच्या टोकाला भर दिवसाही जळणारी आग. कारखान्याच्या वसाहतीमागे एक रेताड मैदान होते. इंजिनिअर तिथे मित्रांबरोबर खेळे. त्याचे काम संपले तेव्हा त्याने मला, काही बॅटी आणि गोणीभर चेंडू कारखान्याच्या स्टोअरमध्ये टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला. वळूनही बघितले नाही. वस्तूंच्या नशिबी हे असतेच.

त्या स्टोअरचे काम सिराजुद्दीन बघत. मूळचे म्हसळ्याचे. सगळे त्यांना सिराजभाई म्हणत. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले, हुंगले आणि डावा हात आत घातला. त्या हाताला गंजाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. बोटे जाड होती, पण घाई नव्हती. मला वाटले, हा माणूस आपल्याला टिकवील.

कारखान्यात कोकणातली बरीच मंडळी होती. कोणी श्रीवर्धनचा वेल्डर, कोणी हर्णैचा क्रेन चालवणारा. शहरातल्या एका दवाखान्यात कराडचा हरिहर नर्स होता. तो कोकणातला नव्हता, पण सुट्टीच्या दिवशी त्याला एकट्याने करमत नसे. दोन फिलिपिनो होते, आणि खेळ ठाऊक होता तो फक्त त्यांनाच. शुक्रवारी फजरच्या नमाजानंतर, ऊन चढायच्या आत, सगळे मैदानावर जमत, आणि मला हातात घालून सिराजभाई कॅचर होत.

सुरुवातीला त्यांनी माझी फार करमणूक केली. आमच्या माणसाने चेंडू मारला की तो बॅट घेऊनच पळे. क्रिकेटमध्ये तसेच पळायचे असते. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळायचे. आमचे लोक मात्र बॅट पुढे धरून धावत आणि पळत गाठायची जमिनीवरची पाटी जवळ आली की अंग झोकून बॅट टेकवत. फिलिपिनो कपाळाला हात लावत. एकदा हर्णैवाल्याची बॅट पाटीवरच्या माणसाच्या पायाला लागली. तेव्हापासून मारणाऱ्याच्या मागून सगळे एका सुरात ओरडत, टाक, टाक. तरी तो टाकत नसे. लहानपणीची सवय अशी हातातून सुटत नाही.

ताजुद्दीनची तर तऱ्हाच वेगळी. तो बाणकोटचा, गावात नाव असलेला गोलंदाज. बेसबॉलमध्ये चेंडू कोपर वाकवून फेकतात, आणि क्रिकेटमध्ये तीच लबाडी. सिराजभाईंनी त्याला उंचवट्यावर नेले तर तो अडून बसला.

"सिराजभाय, आजवर फेकी बॉल टाकला नाय. इथं येऊन हात नासवू?"

त्याला पुष्कळ समजावले. पण ताजुद्दीन मागे जाऊन धावत आला, उंचवट्यावर चढला आणि सरळ हातानेच टाकू लागला. फिलिपिनोंनी डोके खाजवले, मग त्यांनीही नाद सोडला, कारण त्याचा चेंडू कोणाला मारता येत नव्हता. तो चेंडू माझ्याकडे गुणगुणत यायचा. माझ्या पोटात असा आवाज व्हायचा की वसाहतीतली कबुतरे उडत. त्या आवाजासाठी मी आठवडाभर सिराजभाईंच्या घरी दाराच्या खिळ्याला लटकत वाट बघत असे.

एका वर्षी आमच्या लोकांनी दुसऱ्या कारखान्याच्या संघाला हरवले. त्या दिवशी शरफुन्निसाभाभींनी बिर्याणी केली. भाभी म्हणजे सिराजभाईंच्या पत्नी. मला जेवायला अंथरलेल्या दस्तरख्वानाच्या मधोमध ठेवले आणि हरिहरने माझ्यात खजूर भरले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस.

मग ती वर्षे आली. देशातल्या नोकऱ्या देशातल्या मुलांना द्यायच्या असे तिथल्या सरकारने ठरवले. त्यात रागावण्यासारखे काही नव्हते. सिराजभाईंच्या हाताखाली फहद नावाचा तरुण काम शिकायला आला. सिराजभाई त्याला खण दाखवत, नटबोल्टची मापे सांगत, आणि घरी येऊन म्हणत, आपण पाहुणे होतो, पाहुण्याने उठायची वेळ ओळखावी. बोलायला ते सोपे होते.

पहिला श्रीवर्धनचा वेल्डर गेला. कायमचे जायचे म्हणून त्याच्या पासपोर्टवर शिक्का बसला होता. शेवटच्या शुक्रवारी तो उंचवट्यावर उभा राहिला आणि म्हणाला, एक चेंडू मला टाकू द्या, बॅटवाला नको. त्याने चेंडू टाकला आणि आपल्या गावाचे नाव मोठ्याने घेतले, "श्रीवर्धन." सिराजभाईंनी झेल घेतला आणि म्हटले, "खलास." खलास म्हणजे झाले, आटोपले, तू मोकळा. तिकडे हा शब्द उठताबसता ऐकू येतो. पण त्या दिवशी तो ऐकून वेल्डर रडला.

तेव्हापासून रीतच पडली. जाणारा एक चेंडू टाकी, गावाचे नाव घेई, सिराजभाई खलास म्हणत. हर्णै गेले. दिवेआगर गेले. फिलिपिनोंनीही आपल्या बेटाचे नाव घेतले, ते कोणालाच नीट उच्चारता आले नाही. गावे माझ्या पोटात साचत गेली. मैदान जसजसे रिकामे होत गेले तसतसा माझ्या आतला गलका वाढत गेला. खिळ्याला लटकलेलो असलो तरी मला तो ऐकू यायचा.

ताजुद्दीनच्याही पासपोर्टवर शिक्का बसला. त्या शुक्रवारी तो चेंडू घेऊन उंचवट्याकडे निघाला. पण पुढल्या शुक्रवारी एक सामना ठरला होता, आणि ताजुद्दीनवाचून सामना कसला? त्याचे विमान त्यानंतरचे होते. सिराजभाईंनी त्याला हाताने थांबवले.

"पुढल्या शुक्रवारी टाक. एवढी घाई काय आहे?"

ताजुद्दीन हसला आणि त्याने चेंडू सिराजभाईंकडे परत दिला.

तो आठवडा संपायच्या आत ताजुद्दीन कारखान्याच्या फाटकापाशी कोसळला. त्याला दवाखान्यात नेले तेव्हा हरिहर कामावर होता. त्याने छाती दाबून पाहिली, डॉक्टरांनी सगळे केले, पण हृदय पुन्हा चालले नाही. त्याच शहरात त्याला माती दिली. तिथल्या कबरीवर नाव नसते. वाळूचा उंचवटा आणि एक दगड, बस्स. बाणकोटला त्याची बॅग तेवढी पोचली.

सामना झाला नाही. उरलेले लोकही एकेक करून गेले. पण सिराजभाई शुक्रवारी पहाटेनंतर मैदानावर जातच राहिले. ते बॅटवाल्याच्या पाटीमागे उकिडवे बसत, मला हातात घालून पुढे धरत. समोर उंचवटा रिकामा. त्याच्यावरून वाळू सरकत असे. हरिहर लांब उभा राहून बघे आणि परत जाई.

मित्रांनो, मी पाहिले नाही ते सांगणार नाही. मला तिथे माणूस दिसला नाही. पण पावले ऐकू यायची. लांबून धावत येणारी, आमच्या ओळखीची. ती उंचवट्यापाशी येत आणि शेवटच्या पावलाला थांबत. हात फिरत नसे. मग वारा. सिराजभाईंनाही ती ऐकू येत असावीत, कारण त्याच क्षणी त्यांची बोटे माझ्यात घट्ट होत.

इकडे घरात वेगळेच चालले होते. सिराजभाईंची नोकरी आता फहदकडे गेली होती. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपत आला होता. म्हसळ्याला त्यांची मुलगी निदा पहिल्यांदा बाळंत होणार होती. भाभींनी खोकी बांधून दोऱ्यासुद्धा आवळल्या होत्या. आणि सिराजभाई जायच्या कागदावर सही करत नव्हते. ते म्हणाले, इथेच सौदीत हाइल शहरात गव्हाचा एक व्यापारी आहे, तो कफील, म्हणजे परवान्याला जामीन राहणारा मालक, व्हायला तयार आहे, त्याच्या गोदामावर राखणदाराचे काम आहे. तू पुढे हो, मी मागून येतो.

"स्टोअरची चावी सांभाळलेला माणूस आता पोत्यांवरची पाखरं हाकलणार," भाभी म्हणाल्या. "आणि निदा विचारेल, अब्बा कुठे, तर काय सांगू? पाखरांत आहेत?"

कामाला लाज कसली, एवढेच सिराजभाई म्हणाले. ते भाभींकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. दारावर मी होतो.

हरिहर सर्वांत शेवटी गेला. त्याने शुक्रवारी सकाळी चेंडू टाकला, कराडचे नाव घेतले, सिराजभाईंनी खलास म्हटले. दुपारी सिराजभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले असताना तो निरोप घ्यायला घरी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच बोलला.

"भाभी, जाता जाता सांगतो, माझं नाव घेऊ नका. सिराजभाईंना हाइल नको आणि गहूही नको. ते ताजुद्दीनचा बॉल घ्यायला बसतात. तो आल्याशिवाय ते या देशातून हलणार नाहीत."

भाभींनी त्याला वाटेसाठी खजुराचा डबा दिला. दार लावल्यावर त्या कितीतरी वेळ माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मला लाज वाटली, का ते माहीत नाही.

पुढल्या शुक्रवारी सिराजभाई पाटीमागे बसले तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. अबाया सावरत भाभी येत होत्या. इतक्या वर्षांत त्या मैदानावर कधी आल्या नव्हत्या. त्यांनी सिराजभाईंच्या शेजारी पडलेला चेंडू उचलला आणि सरळ उंचवट्याकडे चालू लागल्या.

"शरफुन्निसा, तिथं जाऊ नको."

"का? कोणी उभं आहे?"

सिराजभाईंनी मला आणखी पुढे धरले.

"असतील तर बाजूला होतील," भाभी म्हणाल्या. "ताजुद्दीनभाय मला भाभी म्हणायचे. धक्का नाय देणार."

त्या उंचवट्यावर चढल्या. चेंडू कसा धरायचा हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तो दगडासारखा मुठीत धरला आणि टाकला. तो वाटेतच पडला, थोडा घरंगळला आणि वाळूत रुतून बसला. मी तोंड उघडून होतो तसाच राहिलो.

"पोचला नाय," सिराजभाई म्हणाले. "परत टाक."

"नाय टाकणार. माझ्याच्यानं एवढंच होतं, आणि मेलेल्या माणसाच्यानं तेवढंसुद्धा होत नाय." भाभी उंचवट्यावरून उतरल्या नाहीत. "बाणकोट. ऐकलंत ना, हाशिरचे अब्बा? त्यांच्या गावाचं नाव घेतलं मी. आता तुम्ही उठा आणि घ्या."

हाशिर हा त्यांचा मोठा मुलगा. भाभी नवऱ्याला नेहमी त्याच्याच नावाने हाक मारत.

सिराजभाई बसून राहिले. चिमणीवरची आग उन्हात फिकी होत गेली. तेवढ्यात मला पावले ऐकू आली. लांबून धावत आली, उंचवट्यापाशी आली आणि शेवटच्या पावलाला थांबली. नेहमीसारखीच. भाभींचा चेंडू त्या पावलांना हलवू शकला नव्हता.

पण सिराजभाई उठले. कॅचर आपली जागा सोडत नाही, चेंडूने त्याच्याकडे यायचे असते. तरी ते उठले. त्यांचे गुडघे वाजले. पाटी ओलांडून ते पुढे गेले, वाळूत वाकले आणि मला त्या चेंडूवर पालथे ठेवले, पाखरावर हात ठेवावा तसे. मग मला उलटे करून चेंडू आत घेतला आणि ते म्हणाले, "खलास." भाभींनाही ऐकू गेले नसेल इतके हळू.

आठवड्याच्या सुरुवातीलाच त्यांनी सही केली. फहद स्वतःच्या गाडीतून त्यांना विमानतळावर सोडायला आला, खोकी त्यानेच उचलली. निदाला मुलगी झाली तेव्हा आजोबा म्हसळ्यातच होते. तिचे नाव अरवा.

आता मी कोकणात आहे. इथल्या दमट हवेने माझ्यावर बुरशी येते. सिराजभाई मला फडक्याने पुसतात, तेल लावतात आणि पुन्हा खिळ्याला टांगतात. हात आत घालत नाहीत. कातडे वापरले नाही तर कडक होते, पण मी तक्रार करत नाही. शुक्रवारी सकाळी मी सवयीने कान देतो. मी इथे आलो, ती पावले तिथेच राहिली. त्या मैदानावर ती अजून धावत येत असतील आणि समोर उघडा हात नसेल, हे मला विसरता येत नाही.

म्हणून माझे एवढे ऐका, मित्रांनो. जाणारा माणूस काही द्यायला आला तर त्याला पुढच्या वेळी दे असे म्हणू नका. लगेच हात पुढे करा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठे होऊन कामासाठी यान्बूला गेलात, तर एकदा तिथल्या कब्रस्तानापाशी थांबा. कुठली कबर ते विचारू नका, तिथे सगळी वाळू सारखीच आहे. बाहेर उभे राहून फक्त मोठ्याने म्हणा, बाणकोट. ज्याला ऐकायचे आहे तो ऐकेल.