पिवळ्या सुया

चूक झाली असती तर मी सही केली असती. एकतीस वर्षांत दोनदा केली आहे, चारचौघांत, आणि दोन्ही दिवशी मला छान झोप लागली. पण न केलेल्या चुकीला मान डोलवायला मी नंदीबैल नाही.

गुरुवारी विभागप्रमुखांनी माझ्या टेबलावर पत्र ठेवलं. त्यांना सगळे 'परिपत्रक' म्हणतात, कारण ते नुसते बोलले तरी खाली जावक क्रमांक असल्यासारखं वाटतं. पिवळ्या स्फटिकांवरचा माझा शोधनिबंध मी मागे घेत आहे, असं त्यात टाइप केलेलं होतं. सोमवारपर्यंत सही हवी होती. नाहीतर चौकशी, आणि एकदा चौकशी लागली की माझं आजवरचं सगळंच काम संशयात.

त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या द्रावणातून पिवळे, सुईसारखे स्फटिक निघाले होते, उजेड पडला की वाकणारे. मग एके दिवशी त्याच द्रावणातून पांढरे खडे आले, आणि तेव्हापासून पांढरेच. तीन प्रयोगशाळांनी करून पाहिलं, पांढरे. मी चार महिने डोकं आपटलं, पांढरे. रसायनवाले मला भौतिकवाली म्हणतात आणि भौतिकवाले रसायनवाली. मी खोटारडी आहे यावर मात्र दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

पत्र पिशवीत कोंबून मी थोरल्या बहिणीकडे गेले. ताईचं शिवणकामाचं दुकान आहे आणि मागेच घर. चिडले की मी तिच्याकडे जाते, कारण ती समजूत घालत बसत नाही, कामाला लावते. तिने मला गॅसवरून उतरवलेलं दूध ढवळायला सांगितलं. मी हाताला लागला तो चमचा घेतला.

"अगं, तो दह्याचा होता," ताई म्हणाली. "आता सकाळी सगळ्याचं दही. एवढी शिकलीस, पण आपला हात कुठे कुठे लागतो ते बघत नाहीस."

चमचा धरून मी तशीच उभी राहिले. एक कण पुरतो, हे मी पहिल्या वर्षाला शिकवते. पांढऱ्याचा एक कण द्रावणात पडला की सगळं द्रावण त्याच्याच वळणावर जातं. म्हणून मी भांडी उकळली होती, हवा गाळली होती. स्वतःची बाही तपासली नव्हती. आणि त्या तिन्ही प्रयोगशाळांना द्रावण करायला मोठ्या मनाने पाठवलेली भुकटी माझ्याच बरणीतली होती. म्हणजे जिथे तिथे विरजण मीच वाटत फिरले होते. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि मग हसू आवरेना.

शुक्रवारी दुकानावरची रिकामी खोली घासून घेतली. दुसऱ्या कारखान्याची भुकटी आणली, दोन नवेकोरे बीकर खोक्यातून काढून त्यांत द्रावण लावलं. ताईने कोऱ्या कापडाचा झगा आणि टोपी शिवून दिली आणि मी उशीसारखी दिसते असं सांगितलं. माझा चष्मासुद्धा मी बाहेर ठेवला आणि तिचा लावला. नंबर जुळत नव्हता, त्यामुळे दोनदा दाराच्या चौकटीवर आपटले.

सोमवारी सकाळी दोन्ही बीकरमध्ये पिवळ्या सुया होत्या. मी खाली जिन्यात बसून रडले आणि मग परिपत्रकांना फोन केला.

ते आले. त्यांच्या कोटावर आमची अख्खी प्रयोगशाळा बसलेली आहे, म्हणून दाराच्या काचेतूनच पाहा, असं मी सांगितलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ज्याच्या जवळ कुणी जायचं नाही तो प्रयोग नसतो मॅडम, जादूचा खेळ असतो."

हे त्यांचं खरं होतं. मी एक बीकर मेण लावून बंद केला, उजेडात खिडकीशी ठेवला आणि दार उघडलं.

"या. दुसरा तुमचा. तुमच्याच पेनाने ढवळा."

ते पेन बारा वर्षं आमच्या प्रत्येक टेबलावर लोळलेलं आहे. त्यांनी ढवळलं. काहीच झालं नाही. ताईने दोन खुर्च्या आणून दिल्या. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग तळाशी एक पांढरा ठिपका दिसला. त्याच्या शेजारी दुसरा. तासाभरात सुया विरत गेल्या आणि खाली पांढरी कणी साठली. खिडकीतल्या बंद बीकरमध्ये सुया पिवळ्याच होत्या, उजेडात वाकलेल्या.

परिपत्रकांनी दोन्ही बीकर पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, त्या पत्राचं आता काय करायचं.

मी पत्र काढलं, उलटलं आणि कोऱ्या बाजूवर पाच ओळी लिहिल्या: तारीख, वेळ, दोन बीकर, एक पेन, काय दिसलं. कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"सही हवी होती ना? करा. साक्षीदार म्हणून."

त्यांनी केली. पेन मात्र मी परत दिलं नाही. पाकिटात घालून वर चिठ्ठी चिकटवली: पुरावा.