बिस्किटाच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या प्रतापरावांच्या अकलेचे दिवे हैदराबादेतल्या अख्ख्या काचीगुड्याने पाहिलेत, पण बीपीच्या गोळ्या उस्मानिया बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचं शहाणपण म्हणजे कळसच. आमचा बादाम, म्हणजे कुत्रा, रोज चहाच्या वेळी त्याच डब्यातली बिस्किटं खाऊन मोठा झालेला. मी कितीदा म्हटलं, गोळ्या वर कपाटात ठेवा. तर म्हणे झाकण घट्ट आहे, आणि मुक्या जनावराला औषधाचा वास बरोबर कळतो. कळला की, बिस्किटाचा कळला.

परवा आम्ही दोघं सुलतान बाजारातून परतलो तर झाकण दिवाणाखाली, गोळ्यांच्या पाकिटाचा चोथा झालेला, आणि बादाम फरशीवर पाय पसरून पडलेला. हाक मारली तर शेपूटही हलेना. मुलं नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून घरात माझ्या मागेमागे फिरणारा तोच एक जीव.

ऑटो करून दोघं त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत. त्यांनी बादामला तपासत विचारलं, "अंकल, कित्ते गोलियाँ थे?"

यांच्या आधी मीच बोलले. पाकीट पंधराचं, उघडून दहा दिवस झाले, म्हणजे दहा यांच्या पोटात आणि पाच त्याच्या. रोज सकाळी मी विचारते, गोळी घेतली का, आणि हे रोज मान डोलावतात. बाई म्हणाल्या, पाच असतील तर सलाईनवर भागेल. जास्त असतील तर दुसरं इंजेक्शन लागेल, तेही आत्ताच. पण उगाच दिलं तर त्यानेच दगावेल.

त्यांनी सलाईन काढलं. प्रतापराव भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडे असे बघत होते, जणू विकत घ्यायचंय.

"पंधरा," ते एकदम म्हणाले. "मी एकही घेतली नाही."

बाईंनी इंजेक्शन दिलं. दोनेक तासांनी बादामने मान उचलली आणि सगळ्यांत आधी यांचाच हात चाटला, निमकहराम कुठला. मी तिथंच बाकावर बसून रडले, लाज सोडून.

कुत्रा वाचला, देव पावला. पण दहा दिवस रोज सकाळी मी त्यांना तोच प्रश्न विचारत होते. माझ्यासाठी एकदाही खरं बोलले नाहीत, बादामसाठी एका दमात बोलले.